धोंड्याची वाटी

माझा जावई मला पहिल्या दिवसापासून आवडला नाही, आणि हे मी कधी लपवलंही नाही. जावई म्हणजे दहावा ग्रह असं आपल्याकडे म्हणतात. बाकीचे नऊ निदान घरात राहायला येत नाहीत. यशोधन आला. मुलगा नागपूरचा, लेझरचा इंजिनिअर, इथे कॉव्हेंट्रीत बॅटऱ्या जोडणाऱ्या एका कंपनीत नोकरीला. माझ्या निधीशी त्याने लग्न केलं आणि स्वतःचं घर मिळेपर्यंत म्हणून आमच्या वरच्या खोलीत मुक्काम ठोकला. त्याला दोन वर्षं झाली.

एकतीस वर्षं मी इथल्या कारखान्याच्या टूलरूममध्ये काढली. सुताचाही फरक माझ्या बोटांना कळायचा. आणि मी घरात साधा स्क्रू आवळत असलो तरी हा पोरगा माझ्या मागे उभा राहून म्हणायचा, "बाबा, जास्त नका पिळू, आटे जातील." मी त्याला जावईबापू म्हणायचो, कारण शिवी देता येत नव्हती. त्यालाही ते कळायचं. तो कानात ते इअरबड्स घालून जेवायला बसायचा, ताट उचलून सिंकमध्ये ठेवायचा आणि वर निघून जायचा. इथेच वाढलेली निधी आम्हा दोघांच्या मधे बसून तिच्या मोडक्यातोडक्या मराठीत एकटीच बोलायची.

त्यातच मला नागीण झाली. पुरळ महिन्याभरात गेलं, पण दुखणं डाव्या बरगड्यांखाली ठाण मांडून बसलं. सदऱ्याचा नुसता स्पर्श झाला तरी जीव जायचा. आमच्या नेहमीच्या डॉक्टरच्या, जीपीच्या, गोळ्यांनी झोप यायची, दुखणं जायचं नाही. शेवटी एका खाजगी क्लिनिकमधल्या डॉक्टरने गांज्याचा अर्क लिहून दिला. सगळं कायदेशीर, डबीवर माझं नाव आणि जन्मतारीख छापलेली. मधासारखा घट्ट पदार्थ. तो पेटवायचा नाही, यंत्रात तापवून त्याची वाफ घ्यायची. औषधाचा गुण यायचा, पण यंत्रातली तार इतकी तापायची की घसा भाजायचा, आणि खोकून खोकून त्याच बरगड्या पुन्हा ठणकायच्या.

"प्रॉब्लेम औषधाचा नाहीये, कॉइलचा आहे," एके दिवशी जावई मला म्हणाला. "ती एकाच जागी जळते. लेझरने मला टेम्परेचर अगदी कंट्रोलमध्ये ठेवता येईल. मी बघू का ट्राय करून?"

"बघा. गॅरेज तुमचंच आहे, जावईबापू," मी म्हटलं. गॅरेज माझं होतं.

कंपनीने मोडीत काढलेला एक छोटा लेझर त्याने मॅनेजरची लेखी परवानगी घेऊन आणला आणि त्याभोवती काळी पेटी बांधली. ऑफिस सुटल्यावर रोज तो तिथेच. डॉक्टरला विचारलं का, तर म्हणाला, आधी नीट चालू दे, मग दाखवू. मी खुर्ची टाकून बसायचो आणि खोड्या काढायचो. त्याने मला सगळं समजावून सांगितलं, हे मात्र कबूल करायला हवं. वरून किरण येतो, तो डोळ्यांना दिसत नाही. तो खालच्या काळ्या सिरॅमिकच्या बशीवर पडतो, बशी तापते आणि तिच्यातल्या औषधाची वाफ होते. ती नळीतून बाहेर येते. झाकण उघडं असेल तर लेझर चालूच होत नाही.

"आत चकचकीत काहीही चालणार नाही," तो म्हणाला होता. "म्हणून मी नटसुद्धा काळे केलेत. बशीने उजेड गिळला पाहिजे." त्याच्या कंपनीत तो लेझर सेफ्टी ऑफिसर होता, आणि हे वाक्य त्याने तिथल्या चाळीस जणांना शिकवलं असणार. मी ऐकलं आणि सोडून दिलं.

एका रविवारी सकाळी दुखणं फार होतं. निधी मैत्रिणीकडे लंडनला, इल्फर्डला गेली होती. मी गॅरेजमध्ये गेलो, तर त्याच्या टेबलावर चांदीची वाटी, आणि तिच्यात स्क्रू.

ती वाटी धोंड्याची होती. अधिक महिन्यात जावयाला वाण द्यायची आपली रीत आहे. माझी बायको लीलावती असती तर तिने दिलं असतं, ती नाही म्हणून मी दिलं. लेस्टरच्या एका बाईंकडून तेहतीस अनारसे करवून घेतले आणि लीलावतीची वाटी त्यांच्यासोबत ठेवली. याच वाटीतून तिने निधीला पहिला भात भरवला होता. माझ्या हातून ती सुटत नव्हती, तरी दिली. आणि या माणसाने तिच्यात स्क्रू भरून ठेवले होते.

मी स्क्रू टेबलावर ओतले, वाटी स्वयंपाकघरात नेली आणि टूथपेस्ट लावून घासली. तोंड दिसेल इतकी चकचकीत केली. पुसून खिशात टाकली.

"आज करून बघू," मी यशोधनला म्हटलं.

"आज नको, बाबा. गॉगल्स एकच आहेत. दुसरे मंडेला येतायत."

"माझ्या बरगड्यांना मंडे कळत नाही."

तो कुरकुरला, पण तयार झाला. औषधाचा कण काळ्या बशीत ठेवला, झाकण लावलं. तेवढ्यात दारावरची बेल वाजली, कुणाचं तरी पार्सल आलं होतं. तो गेल्यावर मी झाकण उघडलं, बशी काढली, कण खरवडून वाटीत घेतला आणि वाटी आत ठेवली. त्याने झाकण उघडावं, वाटी बघावी आणि लाजेने मान खाली घालावी, एवढंच मला हवं होतं. औषध चांदीच्या भांड्यातून द्यावं हे आमच्याकडे पाळण्यातल्या पोराच्या बाबतीतही पाळतात, असं वाक्यही मी जुळवून ठेवलं होतं.

त्याने झाकण उघडलं नाही. कशाला उघडेल? स्वतःच लावलं होतं.

त्याने गॉगल्स उचलले. एकदा स्वतःच्या डोळ्यांकडे नेले, मग माझ्याकडे बघून माझ्या डोळ्यांवर चढवले आणि मागचा पट्टा आवळला. "पेटी बंद आहे, तसा काही धोका नाहीये. तरी तुम्ही घाला," तो म्हणाला. सांगायची वेळ होती ती. पण आता झाकण उघडून माझं वाक्य म्हणायचं म्हणजे मीच बावळट दिसणार होतो. मी खुर्चीत टेकलो. त्याने बटण दाबलं आणि नळीतून वाफ येते का ते पाहायला पेटीच्या कडेशी वाकला.

तो ओरडला नाही. बटण बंद करून सरळ उभा राहिला, डावा डोळा हाताने झाकला, नुसत्या उजव्याने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "बाबा, तुमच्या चेहऱ्याच्या जागी काळा ठिपका दिसतोय."

तो फोन शोधायला घरात गेला. मी वाटी काढली आणि बशी परत ठेवली. एवढं मला तेव्हाही सुचलं, याची मला आज शिसारी येते.

उजव्या डोळ्याचा पडदा मधोमध भाजला होता. थोडं काही महिन्यांत सुधारेल, बाकीचं सुधारणार नाही, असं हॉस्पिटलमधल्या डॉक्टरबाईंनी सांगितलं. पेटीतून किरण कसा निसटला, असं त्यांनी विचारलं. "आय डोन्ट नो. माझं डिझाइन चुकलं असणार," यशोधन म्हणाला. मी शेजारी बसलो होतो.

निधी संध्याकाळी घरी आली. तिने आधी माझे डोळे पाहिले. मग त्याच्यावर तुटून पडली. "तू माझ्या डॅडवर एक्सपेरिमेंट केला? ही इज सिक्स्टी-नाइन, यशोधन. त्याचा डोळा गेली असती तर?" तो म्हणाला, "यू आर राइट." त्या रात्रीपासून ती खाली सोफ्यावर झोपायला लागली.

पहिले दोन दिवस मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? घरातला शहाणा माणूस चुकला होता, त्याच्या बायकोच्या तोंडून ते रोज ऐकू येत होतं, आणि आज ना उद्या तो बॅग भरणार हे दिसत होतं. मला तेच तर हवं होतं.

पण तो गॅरेजमध्ये जायला लागला. लेझर काढून टाकला होता. नुसती पेटी घेऊन बसायचा, आत टॉर्च सोडायचा आणि एका डोळ्याने फटी शोधायचा. प्रत्येक सांधा मोजायचा, वहीत लिहायचा, खोडायचा. वाचताना उजवा डोळा मिटून मान वाकडी करायचा. आठ दिवस हे चाललं. नसलेली चूक त्याला सापडेल कशी? मी चहा न्यायला लागलो. तो "थँक यू, बाबा" म्हणायचा आणि चहा तिथेच गार व्हायचा.

नवव्या दिवशी त्याने लॅपटॉप माझ्यापुढे सरकवला. "जरा मोठ्याने वाचता का? अजून अक्षरं हलतात. मॅनेजरला मेल आहे."

मी चष्मा लावला आणि वाचू लागलो. सेफ्टी ऑफिसरचं काम मी सोडत आहे, असं त्यात इंग्रजीत लिहिलं होतं. मी स्वतः बांधलेल्या पेटीतून किरण बाहेर आला आणि कुठून आला ते मला आठ दिवसांत शोधता आलं नाही. ज्याला घरातली एक पेटी सुरक्षित करता येत नाही, त्याच्यावर चाळीस माणसांनी डोळे सोपवू नयेत. दोष पूर्णपणे

तिथे मी थांबलो.

"पुढे 'माझा आहे' असं आहे ना?" त्याने विचारलं. "स्पेलिंग बरोबर आहे का तेवढं बघा."

"हे वाक्य खोटं आहे," मी म्हटलं. "आत बशी नव्हती. तू दाराशी गेलास तेव्हा मी वाटी ठेवली. धोंड्याची, घासून पुसून. नंतर काढली."

तो माझ्याकडे बघत राहिला. माझ्या तोंडाच्या जागी त्याला काय दिसत होतं कोण जाणे. मी वाट बघत होतो की तो उठेल, हात उगारेल, निदान ओरडेल. तो टेबलावर डोकं ठेवून रडायला लागला.

"म्हणजे किरण वाटीवरून उलटून नळीच्या भोकातून आला. पेटी बरोबर होती," तो म्हणाला. "मी कंपनीतल्या सगळ्या मशीन्स परत आठवत होतो, बाबा. रोज रात्री. सेफ आहे म्हणून मी सही केलेली एकेक मशीन." मग बाहीने तोंड पुसून त्याने लॅपटॉप बंद केला. "निधीला तुम्ही सांगा. माझ्याकडून कळलं तर तिला वाटेल मी स्वतःला वाचवतोय."

निधीला मी स्वयंपाकघरात सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं. वाटीचं विचारलं नाही, स्क्रूंचं विचारलं नाही.

"गॉगल्स कोणी घातला होता?"

"मी. त्यानेच घातले मला."

"आणि तू मला नऊ दिवस त्याच्याशी भांडू दिला," ती म्हणाली. "तू इथे बसून चहा पीत होता, डॅड."

शनिवारी ते दोघं लंडनला, ईलिंगला निघाले. यशोधनला डोळ्यासाठी रजा होती, आणि त्याच्या मित्राच्या घरी एक खोली रिकामी होती. माझी औषधाची डबी आणि क्लिनिकचं जुनं यंत्र यशोधनने पुसून माझ्या उशाशी ठेवलं होतं, आणि तार जपून कशी तापवायची ते मोठ्या अक्षरांत मराठीत लिहून ठेवलं होतं. निधी बॅगा गाडीत टाकत होती. मी दारात उभा होतो.

"मंगळवारी डोळ्यांची अपॉइंटमेंट आहे ना," मी म्हटलं. "तिकडून यायला लांब पडेल. मी येतो घ्यायला, मीच सोडतो हॉस्पिटलला."

निधीने डिकी बंद केली. "नाही, डॅड. तू त्याच्या जवळ यायचा नाही."

यशोधन दाराबाहेर आला. दोनच पायऱ्या आहेत आमच्याकडे, पण पहिली कुठे संपते ते त्याला नीट दिसेना, म्हणून तो पायाने चाचपत राहिला. माझा हात पुढे गेला. त्याने तो पाहिला, क्षणभर थांबला आणि भिंतीला धरून उतरला.