भाव: भीती

मराठीचे सर रजेवर गेले आणि दहावीच्या कविता माझ्याकडे आल्या. मी विज्ञान शिकवते. अलंकारही तसेच शिकवले: आधी लक्षण, मग उदाहरण, मग ओळख. चाचणीला गाईडमधली कविता नको म्हणून दोन ओळी स्वतःच रचल्या:

भर श्रावणी गावाच्या उशाशी
तलाव निजला शांत, शांत.

अलंकार कोणता आणि भाव कोणता, एवढेच विचारले होते. चेतनगुणोक्ती बहुतेकांना आली. भाव शांततेचा, असे अठ्ठावीस जणांनी लिहिले. तिघांनी मात्र एकच शब्द लिहिला होता: भीती.

चंदा, रोशन, रुचिका. एकच चुकीचे उत्तर तिघांकडे आपोआप येत नाही. मी बाकांचा नकाशा काढला. चंदा पुढे, रोशन मागे, रुचिका खिडकीपाशी. कागद फिरला असेल तर चंदाकडूनच, कारण वर्गात तीच हुशार. गोंदियाच्या रसग्रहण स्पर्धेसाठी शाळेतून एकच नाव जाणार होते आणि ते तिचे होते. अर्जाला तिच्या उत्तराचा एक कागद जोडायचा होता आणि त्याच दिवशी चार वाजता शिपाई तो घेऊन निघणार होता.

मुख्याध्यापक इंद्रकुमार सरांना सांगितले. ते म्हणाले, "नकल केली असंन त नाव काटा, म्याडम. दुसरी पोरगी धाडू."

मधल्या सुटीत चंदाला प्रयोगशाळेत बोलावले.

"कोणाला दाखवलंस?"

"कोनालेच नाही जी."

"मग तिघांना भीतीच कशी वाटली? तलाव शांत आहे."

"म्हनूनच त." ती माझ्याकडे न बघता बोलत होती. "श्रावनात तलाव भरून राहते. सांडव्यावरून पानी पडते, त्याचा आवाज घरात येते. तो आवाज बंद झाला म्हन्जे पानी दुसरीकडून चाललं. पाळ फुटली. आजा जेवता जेवता उठून धावते."

उत्तर सुबक होते. फार सुबक. ठरवून आणलेले असेल, असेही वाटले. तिला तिथेच बसवून मी रोशनला व्हरांड्यात गाठले, कवितेचे नावही न काढता विचारले, "श्रावणात तुमच्या तलावाचा आवाज थांबला तर?"

"अशुभ काऊन बोलता, म्याडम?" त्याचा चेहरा उतरला. "आमचं घर पाळीखालीच हाय."

रुचिकालाही तेच विचारले. "कायले? काही झालं का?" म्हणत ती फाटकाकडे बघू लागली.

तिघांची घरे पाळीखाली, तलावाच्या बांधाच्या पायथ्याशी निघाली. बाकांचा नकाशा मी काढला, घरांचा काढायचे सुचले नाही. पाण्याची पातळी उतरली की सांडवा गप्प होतो, हे खरे तर माझ्याच विषयातले.

सरांना सांगितले. ते हसले. "पोट्टे बनवून राहिले तुम्हाले. तिले दुसरी कविता द्या, समोर बसवून. येते का पाहू."

मी आणखी दोन ओळी रचल्या. रानातल्या संध्याकाळी वारा दमून झाडाखाली बसला आहे, अशा. चंदाने दोन मिनिटांत कागद दिला. अलंकार: चेतनगुणोक्ती. भाव: शांतता. कवीने निसर्गाचे मनोहारी चित्र रेखाटले आहे.

"पाहा, येते!" सर खूश झाले. "हाच कागद जोडा अर्जाले."

ते गेल्यावर मी विचारले, "वारा बसल्यावर तुला काय वाटतं, चंदा?"

"उकडते."

"मग हे कोणाचं आहे?"

"तुमचंच हाय जी. तुम्हाले असंच लागते न."

नकल झाली होती खरी, आणि पहिल्यांदाच मला ती नक्की सापडली होती.

चारला पाच मिनिटे होती. मी पहिला, चाचणीचा कागद काढला.

"तो नोका लावू," ती घाईने म्हणाली. "तिकडचे परीक्षक तलावाकडचे नसतीन त? चुकीचं म्हनतीन. तुम्हीबी म्हनलं."

"म्हणतील कदाचित."

"मंग?"

मी पहिलाच कागद टाचला. चंदा दारात उभी राहून बघत होती. शिपाई लिफाफा घेऊन फाटकाबाहेर गेला, तेव्हा कुठे ती वर्गाकडे वळली.