कोबीतला आवाज

लाइल कोस्काचं स्वरयंत्र काढायचं ठरलं, त्याच हिवाळ्यात टिनरूम कंपनी विकली गेली. दोन्ही बातम्या त्याने आम्हाला एकाच जेवणाच्या सुट्टीत सांगितल्या. आधी कंपनीची, कारण त्याच्या मते ती जास्त लोकांना लागू होती.

टिनरूम म्हणजे पत्र्याची खोली. रेडवुड सिटीत एका ड्रायक्लीनरच्या दुकानामागे तशी एक खोली होती. लाइल आणि त्याची बायको डोरीन यांनी १९९८ साली तिथे काम सुरू केलं. एका संगणकाच्या पोटात दुसरा संगणक चालवायचा, निव्वळ सॉफ्टवेअरचा, अशी कल्पना. आतल्याला कळताच कामा नये की आपण आत आहोत. "प्रत्येक भाडेकरूला वाटलं पाहिजे, घरमालक मीच," असं लाइल म्हणायचा. सुरुवातीला लोकांनी ते गंमत म्हणून घेतलं. मग बाजार कोसळला, आणि ज्यांच्या खोल्या अर्धवट झोपलेल्या सर्व्हरांनी भरल्या होत्या, त्यांना एकाएकी समजलं की दहांचं काम एकावर भागतं. बँका आल्या, इस्पितळं आली. लाइल मोठमोठ्या सभागृहांत रंगमंचावर उभा राहून चालू यंत्र एका संगणकातून दुसऱ्यात हलवून दाखवायचा आणि माणसं उठून टाळ्या वाजवायची. पुढे लोकांनी स्वतःची यंत्रं ठेवणंच सोडलं. दुसऱ्यांची भाड्याने घेऊ लागले, आणि भाड्याने देणाऱ्यांनी आमच्यासारखं सॉफ्टवेअर स्वतःच लिहिलं. डेव्हिसच्या विद्यापीठातून भौतिकशास्त्राची पदवी घेऊन मी इथे लागले तेव्हा वरचे मजले रिकामे झाले होते. तळमजल्यावरची चाचणीची प्रयोगशाळा तेवढी डोरीनने हाताशी ठेवली होती.

तिथे संगणकांच्या पोटात चालणाऱ्या यंत्रांना भाज्यांची नावं होती.

"थिया, मुळा पडलाय. बघ जरा," डोरीन मला सांगायची.

"पडला नाही, रुसलाय. वांग्याने त्याची मेमरी खाल्ली."

"मग वांग्याला झोपव. आणि तू जेवलीस का?"

सगळ्यांत जुना कोबी. त्याच्या आत चालणारी प्रणाली इतकी जुनी होती की ती खऱ्या संगणकावर टाकायची म्हटली तरी तसा संगणक आता मिळाला नसता.

वाचा-उपचार करणाऱ्या बाईंनी लाइलला वाक्यांचा एक गठ्ठा दिला होता. शस्त्रक्रियेआधी ती सगळी वाचून ध्वनिमुद्रित करायची. मग पुढे तो टाइप करेल ते संगणक त्याच्याच आवाजात बोलेल. पण त्यांचा नवा प्रोग्राम लाइलला पसंत पडेना. "कापायचं बटण कुठे आहे तेच सापडत नाही," तो कुरकुरला. कॉलेजच्या रेडिओवर असताना तो जो प्रोग्राम वापरायचा तोच त्याला हवा होता, आणि तो फक्त कोबीवर चालायचा, हे मला फार नंतर कळलं. म्हणून तो घरी कोटांच्या कपाटात, कोटांमुळे आवाज घुमत नाही म्हणून, मांडीवर लॅपटॉप घेऊन बसायचा. लॅपटॉपच्या पडद्यावर प्रयोगशाळेतल्या कोबीची खिडकी उघडायचा आणि वाचायचा.

"काल कपाटातून ऐकू आलं, 'मला अजून थोडं सूप हवंय,'" डोरीन जेवताना सांगत होती. "मी वाढून घेऊन गेले, तर हा म्हणतो, शू! आता पुन्हा घ्यावं लागेल."

"यादीतलं वाक्य होतं ते," लाइल म्हणाला. त्याचा आवाज तेव्हा वाळूवरून काहीतरी ओढत नेल्यासारखा झाला होता. "आणि सूप खारट होतं."

"तेही रेकॉर्ड करून ठेव. म्हणजे पुढे नुसतं बटण दाबलंस की झालं."

"ते आधीच केलंय. तीन सुरांत."

आम्ही हसलो. डोरीन थोडं जास्त वेळ हसली.

मला कुतूहल म्हणून मी त्याच्या काही वाक्यांचे आलेख मागून घेतले होते. आठवड्यागणिक सूर खाली घसरत होता आणि रेषेला कातरे पडत होते. लाइललाही ते दिसत होतं, म्हणून तो जुनी वाक्यं पुन्हा पुन्हा घ्यायचा. अजून एकदा, अजून जरा बरं. गठ्ठा संपेपर्यंत बाईंना काही पाठवायचं नाही असं त्याने ठरवलं होतं. मग डॉक्टरांनी तारीख अलीकडे आणली. "फाइली काही नासत नाहीत," तो म्हणाला. "परत आलो की पाठवू."

तो इस्पितळात असतानाच नव्या मालकांची सूचना आली. प्रयोगशाळा टेक्सासला हलवायची, त्याआधी सगळी यंत्रं बंद करायची.

आमच्याकडे यंत्रं बंद करायची पद्धत नव्हती. टिनरूमच्या लोकांनी पहिल्यापासून यंत्रं फक्त झोपवली. झोपलेलं यंत्र जागं केलं की वाक्याच्या मधल्या शब्दापासून पुढे चालू लागतं. बंद करणं हे गिऱ्हाइकांचं काम. पण नव्या मालकांना झोपलेलं काही नको होतं.

"तरी झोपवूनच पाठवू या का?" मी विचारलं.

"आणि तिकडे उठवणार कोण? त्यांना यांची नावंसुद्धा माहीत नाहीत." डोरीन इस्पितळातून थेट आली होती, मनगटावर भेटायला येणाऱ्यांचा कागदी पट्टा तसाच होता. "नाही. नीट बंद करते. माझ्या हातांनी."

तिने एकेक बंद केलं. मुळा, वांगं, भोपळा. कोबीच्या पडद्यावर जुन्या धाटणीची अक्षरं आली: आता संगणक बंद करायला हरकत नाही. "किती सभ्य आहे बघ," ती म्हणाली.

चाचणीच्या यंत्रांना आम्ही एक नियम लावलेला असायचा. बंद झालं की सगळं विसरायचं आणि पहिल्या दिवसासारखं कोरं व्हायचं, म्हणजे पुढची चाचणी स्वच्छ सुरू होते. हे मला ठाऊक होतं, डोरीनला ठाऊक होतं. लाइलला तर सर्वांत जास्त, कारण तो नियम त्यानेच लिहिला होता. पण झोपलेलं यंत्र विसरत नाही. रोज सकाळी तो कोबी उघडायचा, फाइली जागेवर असायच्या. यापलीकडे त्याला विचार करावा लागला नाही. आणि डोरीनने त्याच्या मांडीवर लॅपटॉप पाहिला होता, म्हणून ती धरून चालली की आवाज लॅपटॉपमध्ये आहे. आवाज कोबीत आहे हे मलाही माहीत नव्हतं. मला फक्त आलेख मिळाले होते. वीस-बावीस वर्षं टिनरूमने जगाला हेच विकलं होतं, की यंत्र नक्की कुठे आहे याची काळजी तुम्ही करू नका.

लाइल घरी आला. काही दिवसांनी डोरीनचा फोन आला.

"लाइल पाटीवर लिहून विचारतोय, कोबी टेक्सासला पोचला का?"

"पोचला असेल. का?"

"तो लिहितोय," ती म्हणाली, आणि वाचू लागली, "आवाज त्यात…" तिथे ती थांबली. आम्हा दोघींना पुढचं एकाच वेळी समजलं.

"मी नीट बंद केला," ती म्हणाली. "थिया, मी फार नीट बंद केला."

मी टेक्सासहून मूळ डिस्कची प्रत मागवली आणि कण न् कण वाचली. टिनरूमच्या पहिल्या आवृत्त्यांत यंत्र विसरलं तरी डिस्कवर अवशेष राहायचे. इस्पितळांनी तक्रार केली होती, रुग्णांची माहिती उरते म्हणून. त्यानंतर लाइलने एक पूर्ण उन्हाळा घालवून विसरलेल्या जागेवर शून्यं लिहायची सोय केली होती. मी त्या शून्यांतून फिरत राहिले. कुठे एखादी फट सुटली असेल, एखादं वाक्य, एखादा शब्द. काम निर्दोष होतं.

"मी सांगते त्याला," डोरीन म्हणाली, आणि माझ्यादेखत सांगितलं. लाइलने सगळं ऐकून पाटीवर लिहिलं: पूर्ण बंद? तिने होकारार्थी मान हलवली. त्याने त्याखाली लिहिलं: मग काही उरणार नाही. इंजिनियरने दुसऱ्या इंजिनियरला सांगावं तसं.

वाचा-उपचाराच्या बाईंनी शेवटचा मार्ग सुचवला. रंगमंचावरच्या त्याच्या जुन्या भाषणांची स्वच्छ मुद्रणं होती, कितीतरी तासांची. त्यांतून आवाज बनला. तो मी त्यांच्या स्वयंपाकघरात, जेवणाच्या टेबलावर, लॅपटॉपमध्ये बसवला. डोरीन सिंकपाशी पाठमोरी उभी होती. लाइलने टाइप केलं आणि बटण दाबलं.

"डोरीन, यात तुझी काही चूक नाही!"

आवाज त्याचाच होता, धडधाकट, चाळिशीतला. पण शेवटचा शब्द उंच उचललेला होता आणि त्यापुढे छोटीशी जागा सोडलेली, टाळ्यांसाठी.

डोरीन वळली. "हे तू मला नाही म्हणालास," ती म्हणाली. "हे तू त्या सभागृहाला म्हणालास."

त्याने पुन्हा टाइप केलं. उद्गारचिन्ह नको म्हणून पूर्णविराम दिला, वेग कमी केला, सूर खाली आणला. "डोरीन, यात तुझी काही चूक नाही." तोच उत्साह, जरा सावकाश. मग नुसतं तिचं नाव. मग पुन्हा नाव. नव्या उत्पादनाची घोषणा व्हावी तसं ते स्वयंपाकघरात दोनदा वाजलं.

"लाइल, पुरे," ती म्हणाली. "पुरे ना रे."

त्याने लॅपटॉप मिटला आणि ते वाक्य तोंडाने म्हटलं. या शस्त्रक्रियेनंतर श्वास गळ्याच्या छिद्रातून येतो-जातो, तोंडापर्यंत पोचत नाही, त्यामुळे कुजबूजसुद्धा उमटत नाही. नुसते ओठ हलले.

डोरीन ओल्या हातांनी त्याच्यासमोर येऊन बसली.

"ऐकू येत नाहीये मला," ती म्हणाली.

त्याने पुन्हा म्हटलं.