कॉन्स्टांसच्या तळाची तपासणी

चौऱ्याहत्तर तोफांची कॉन्स्टांस बारा वर्षांत दोनदा लढली. बाकी सगळी वर्षं फ्रान्सच्या ब्रेस्ट बंदरात नांगर टाकून सडत पडली, कारण बाहेर इंग्रज कायम टपलेले. मी गुल्वेन, आरमाराचा सुतार. तिच्या फासळ्या मीच बसवल्या, त्याही ओल्या लाकडाच्या. वरच्यांना घाई होती ना!

त्या फेब्रुवारीत तिची तपासणी माझ्याकडे आली. तळाच्या फासळीत गिरमिट फिरवलं, तर कोरड्या भुशाऐवजी काळा चिखल निघाला. खरं लिहिलं असतं तर जहाज मोडीत गेलं असतं आणि तिच्या खलाशांना वेस्ट इंडीजमधल्या सँ-दोमांगला जाणाऱ्या जहाजावर चढवलं असतं. तिथल्या पिवळ्या तापानं आमच्या एका गल्लीतले नऊ जण गिळले होते. आणि कॉन्स्टांसच्या डोलकाठीवर होता तांगी, माझ्या लेकीचा, अझेनोरचा नवरा.

मी अक्कल पाजळली. म्हटलं, हे मेलं जहाज बंदरातून हलतंय कशाला? धडक्या लाकडात चार भोकं पाडली, कोरडा भुसा दाखवला, भोकांत खुंट्या ठोकल्या आणि 'समुद्रावर जाण्यास योग्य' असं लिहून सही केली.

आठच दिवसांत वादळानं इंग्रजांना पांगवलं आणि मागोमाग जहाजांना बंदराबाहेर काढणारा पूर्वेचा वारा सुटला. हुकूम आला, निघा! मी धावत धक्क्यावर गेलो, कप्तानाचे पाय धरले.

"साहेब, तळ कुजलाय. मी खोटं लिहिलं!"

"ही सही तुझीच ना? गेल्या आठवड्यात ठणठणीत, आज कुजला? जावयासाठी नाटकं करतोस, म्हातारड्या? हो बाजूला!"

वरून तांगी ओरडला, "मामा, घरी जा बघू! तुमच्या हातचं जहाज आहे, बुडतंय कसलं!"

सगळे खलाशी खदाखदा हसले.

उशाँत बेटापलीकडे पहिल्याच मोठ्या लाटांत तिचा तळ उकलला. इंग्रजांचा एक गोळासुद्धा लागला नव्हता. सहाशेतले अकरा वाचले, त्यांत तांगी नव्हता.

अझेनोर अजून विचारते, "बाबा, तुम्ही तपासलं होतंत. चांगलं होतं ना हो जहाज?"

"चांगलं होतं गं पोरी," मी म्हणतो. "समुद्रच वैरी निघाला."

ती डोळे पुसते, माझ्यापुढे गरम धिरडं ठेवते. आणि मी मेला ते खातो.