भात्यावरचा हात

"परत एकदा," नवनाथआबा म्हणाले. हे चौथ्यांदा होते.

समृद्धीने पेटीवर बोटे ठेवली. नऊ वर्षांची पोर. डावा हात भात्यावर, उजवा पट्ट्यांवर, पाठ ताठ. बसणे अगदी शिकवल्यासारखे. पट्ट्याही एकूण एक बरोबर दाबत होती. पण बोट टेकले की लगेच उचलत होती. सूर जन्मला न जन्मला तोच मरत होता. कोंबडीने अंगणात दाणे टिपावेत तसा तो अभंग ओसरीवर टिपला जात होता.

"अगं, सोडती कशाला लगीच?" आबांचा आवाज चढला. "सूर धरायचा आसतो! दोन वर्षं काय सांगतोय मी तुला?"

पिठाच्या हातांनी सगुणाबाई आतून बाहेर आल्या. इतक्या वर्षांच्या संसारात नवरा कधी लहान पोरावर खेकसलेला त्यांनी ऐकला नव्हता.

"काय वो, काट्यावरच्या गाडीवानाला बोलताय का नातीला?"

साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर आबांनी छत्तीस वर्षे उसाच्या गाड्या मोजल्या होत्या. आधी बैलगाड्या, मग ट्रॅक्टर. रांग मोडणाऱ्या गाडीवानांवर ओरडून ओरडून तिथे घसा बसायचा, आणि दर गुरुवारी दिवेलागणीला देवळात पेटीपुढे बसले की तोच घसा मोकळा व्हायचा. आता नोकरी संपली होती, आणि दोन वर्षांपूर्वी उजव्या हाताच्या दोन बोटांतला जीव गेला होता. मानेतली शीर दाबली गेली आहे, असे दौंडचे डॉक्टर म्हणाले. घास धरायला ती बोटे चालत. एकेक सूर दाखवायलाही चालत. पण चाल जरा पळायला लागली की हात मागे राही.

भजनी मंडळात पेटीवाला दुसरा कुणी नव्हता. शिकायला कुणी येत नव्हते. विश्वजीतने, त्यांच्या मुलाने, लहानपणी आठ दिवस शिकून पेटी सोडली होती. तो शिक्रापूरच्या एका कंपनीत लागला आणि सहा वर्षांपूर्वी कंपनीनेच त्याला बायको-मुलीसकट जर्मनीला पाठवले. तेव्हा राहिली ही नात. दर रविवारी जेवणे उरकली की आबा तांब्याला फोन टेकवून पेटी उघडायचे. तिकडे तेव्हा सकाळ असायची. समृद्धी छोट्या कीबोर्डपुढे केस विंचरून बसलेली असायची.

या वर्गाची एक गंमत होती. तिकडे रविवारी आवाज करायचा नाही. कपडे धुण्याचे मशीनसुद्धा कुणी लावत नाही. भिंतीपलीकडची म्हातारी लगेच दार वाजवते. म्हणून समृद्धी सगळे काही हेडफोन कानाला लावून करायची. कीबोर्डचा आवाज तिच्या कानात, आबांचाही तिच्याच कानात. आबांना इकडे नुसती तिची बोटे दिसत. फार लवकर उचलते, असे वाटायचे; पण फोनमधले चित्र तसेही अडखळतच असायचे.

आता दोन वर्षांनी ती सुट्टीत गावी येऊन प्रत्यक्ष समोर बसली होती, आणि उद्या गुरुवार होता. उद्या देवळात पेटीवर माझी नात बसणार, असे आबांनी मंडळात सांगून टाकले होते. पखवाजवाल्या म्हस्कूने ते गावभर केले होते. आबांच्या मनात आणखीही एक होते, जे त्यांनी कुणाला सांगितले नव्हते. उद्या पोरगी बसली, तर पेटी तिची. नाही बसली, तर पेटी कपाटावर जाणार, आणि कपाटावर गेलेल्या पेटीचा भाता उंदीर खातात, हे त्यांनी दोन घरी पाहिले होते.

"मी बरोबरच वाजवते आहे," समृद्धी खाली मान घालून म्हणाली. तिचे मराठी जपून वापरलेल्या भांड्यासारखे होते. "तुम्ही असंच शिकवलं आहे, आबा."

"मी? आसं?"

"सा. मग काही नाही. मग रे. मग काही नाही. मी नीट ऐकते. मी रोज तसंच करते." तिचे डोळे भरले. "सकाळी तुम्ही वाजवलं, तेव्हा मी पप्पांना विचारलं, ही वेगळी पेटी आहे का?"

बाजेवर लॅपटॉप घेऊन बसलेल्या विश्वजीतने मान वर केली. त्याने एकदा पेटीकडे पाहिले आणि लॅपटॉप मिटला.

"आबा, हे फोनचं हाय."

"फोनला काय झालं? चांगला चालतोय की."

"चालतोय, पण त्याला माणसाचं बोलणं तेवढं कळतं. एकसारखा आवाज आला की त्याला वाटतं, पंखा चालू हाय, न्हाईतर गाडी. मग तो दाबून टाकतो. बोलणं साफ ऐकू यावं म्हणून."

"म्हंजी माझी पेटी पंखा झाली, व्हय रं?"

सुलक्षणा, सून, दारात उभी होती. "आबा, मी ध्यान द्यायला पायजे होतं," ती म्हणाली. "पण रविवारचा तेवढाच येळ मिळतो स्वयंपाकाला. आन् ती कानाला लावून बसायची, मला काय ऐकूच यायचं न्हाई."

आबांनी विश्वजीतचा फोन मागून घेतला. आपला फोन पेटीशेजारी ठेवला. "लाव जोडून," म्हणाले. "समू, मी हात केला की ही पट्टी दाब आन् मी परत येईपर्यंत सोडू नको. भाता चालू ठेव."

ते अंगण ओलांडून उसाच्या बांधापर्यंत चालत गेले. कारखान्याकडे निघालेला ट्रॅक्टर मोठ्याने गाणी लावून सडकेने गेला. तो लांब जाईपर्यंत थांबले. मग फोन कानाला लावला आणि हात वर केला.

सा आला. आला, आणि कुणी तोंडावर हात ठेवावा तसा बंद झाला. मागे काही उरले नाही. ओसरीवर पोरीचा डावा हात मात्र मागेपुढे होताना दिसत होता. भाता चालू होता, पट्टी दाबलेली होती. आबांना उमगले. आपण सूर लांबवून डोळे मिटायचो, तेव्हा पोर तिकडे शांततेत बसून पुढच्या सुराची वाट बघत असायची. एवढे रविवार. आणि एकदाही कंटाळली नाही.

परत येऊन ते तिच्यासमोर मांडी घालून बसले. बसताना गुडघा वाजला.

"समू, तुझं काय चुकलं न्हाई. जसं आलं तसं तू उचललं. आसं तंतोतंत ऐकणारं पोरगं मी उभ्या जन्मात पाह्यलं न्हाई. मी उगाच वरडलो."

"मग आता?"

"आता जरा ऱ्हायलंय तेवढं शिकू." त्यांनी सगुणाबाईंना हाक मारली. "अगं, तांब्या आण काठोकाठ भरून."

"अन् सयपाक कोण करंल? तुमचा पंखा?" सगुणाबाई म्हणाल्या, पण तांब्या घेऊन आल्या.

आबांनी तो समृद्धीच्या हातात दिला. "आता आजीला दे. पाणी सांडायचं न्हाई."

तिने जपून दिला. सगुणाबाईंनी घेतला.

"तू तुझा हात कवा सोडला?"

समृद्धीने विचार केला. "आजीने धरल्यावर."

"हां. आधी सोडला आसता तर?"

"पडला असता."

"सूर म्हंजी हाच तांब्या. दुसऱ्या बोटानं धरल्याबिगर पहिल्यानं सोडायचा न्हाई. बास. बाकी सगळं तुला येतं."

स्वयंपाक थांबला. संध्याकाळपर्यंत ओसरीवर तांब्या या हातातून त्या हातात फिरत राहिला, आणि मधूनमधून पेटीवर सा रेच्या हातात जाऊ लागला. पण दोन वर्षांची सवय एका दिवसात जात नाही. पाच सूर जुळले की सहाव्याला बोट उडायचे. आबा म्हणायचे, "सांडलं. भरू परत." पुन्हा आवाज चढला नाही.

गुरुवारी देवळात नेहमीपेक्षा जास्त माणसे जमली. म्हस्कूने पखवाजाला कणीक लावता लावता विचारले, "काय आबा, तुमची मडम मराठीत वाजवती का विंग्रजीत?"

"तू ठेका धर. तेवढं जमलं तरी लई हाय."

समृद्धी पेटीपुढे बसली. भाता ओढायला तिने हात पेटीमागे नेला, तर तिथे आबांचा हात आधीच होता. ते पेटीच्या पलीकडे, तिच्या समोर बसले होते. "भाता माझ्याकडं," ते हळूच म्हणाले. "तू नुसतं तांब्याकडं बघ."

पहिल्या दोन ओळी सुरेख गेल्या. इतक्या, की म्हस्कूने भुवया उंचावल्या. मग टाळ वाढले, मंडळी उभी राहिली, आवाज चढला, आणि पोर बावरली. बोटे पुन्हा टिपायला लागली. सूर तुटला. आबांच्या हातात भाता होता, वारा होता, पण पट्टीच उचलली तर वारा काय करणार? त्यांनी मान खाली घातली.

तेवढ्यात पखवाज पुढे सरकला. जिथे जिथे सूर तुटत होता, तिथे तिथे म्हस्कू एक थाप भरत होता. समृद्धीने त्याच्याकडे पाहिले. म्हस्कूने तिला जीभ काढून वेडावले. ती फसकन हसली, आणि हसताना तिचे बोट पट्टीवर तसेच राहून गेले. दुसरे येईपर्यंत.

आरतीनंतर म्हस्कू एवढेच म्हणाला, "सांडवती. पन पानी चांगलं हाय." तांब्याची गोष्ट त्याला कुणी सांगितली, कळले नाही.

जायच्या दिवशी आबांनी पेटी आणून बॅगांशेजारी ठेवली. विश्वजीत म्हणाला, "आबा, वजन बसणार न्हाई."

आबांनी पेटी दोन्ही हातांनी उचलून पाहिली. "साडेधा किलो."

विश्वजीतने बॅगा तोलायचा आकड्याचा काटा लावला. साडेदहाच्या वर केसभर. सुलक्षणाने एक बॅग उघडली आणि आतले डबे एकेक करून बाहेर काढले.

"चांगलंय," सगुणाबाई म्हणाल्या. "माज्या कुरडया ऱ्हाणार हितं, आन् लाकडाचं खोकं चाललंय इमानात." मग आत जाऊन त्यांनी आपले मऊ झालेले जुने लुगडे आणले आणि पेटीला चारी बाजूंनी गुंडाळले. गाठ दोनदा मारली.

त्यानंतर वर्ग शनिवारवर गेला. शनिवारी भिंतीपलीकडच्या म्हातारीची हरकत नव्हती.

पहिल्या शनिवारी आबा ओसरीवर नेहमीच्या जागी बसले. तांब्याला फोन टेकवला. पुढ्यात काही नव्हते. पेटी ठेवायचे पोते तेवढे अंथरलेले होते. ते घडी करायचे राहून गेले होते. गुरुवारी मंडळाने नुसत्या टाळांवर भागवले होते. म्हस्कू म्हणाला होता, सवय होईल.

फोनमध्ये खिडकी दिसली, बाहेर पांढरे आभाळ दिसले, आणि स्वेटर घातलेली समृद्धी. तिच्यापुढे पेटी. विश्वजीतने फोनची बरीच खटपट केली होती. फरक थोडाच पडला होता.

"आबा, सुरू करू?"

"कर."

सा आला, आणि विझला. थोड्या वेळाने रे आला, विझला. मग ग. मधल्या वेळी ओसरीवर काहीच नव्हते, गोठ्यात म्हशीची साखळी वाजत होती तेवढीच.

सगुणाबाई ज्वारी निवडता निवडता थांबल्या. "परत तुटकच वाजवती की वो पोरगी. एवढं शिकवलं ते गेलं वाया."

"न्हाई," आबा म्हणाले. ते फोनवर वाकले होते. "तिचा डावा हात बघ."

लहानसा डावा हात भाता मागेपुढे करत होता, सावकाश, न थांबता, आणि पट्टीवरचे एक बोट शेजारचे टेकेपर्यंत जागचे हलत नव्हते.

सगुणाबाईंनी पाहिले. मग नवऱ्याकडे पाहिले. आबांनी डोळे मिटले होते, आणि गुडघ्यावर त्यांचा डावा हात हळूहळू उघडत होता, मिटत होता.