धाकट्याची वीट

कृष्णाजींची वीट पाण्यावर तरंगते, ही बातमी अग्रहाराच्या वस्तीत पसरायला एक सकाळ पुरली. अडुसष्टाव्या वर्षी माणसाने देवळाच्या कट्ट्यावर बसावं, तर हे गृहस्थ मागच्या अंगणात रद्दी भिजवत बसले होते. ज्या दगडी कुंड्यांत त्यांच्या आजोबांनी लुगडी रंगवली, त्यांतच आता जुन्या वर्तमानपत्रांचा लगदा होत होता. त्यात भाताच्या गिरणीतली तुसाची राख, चुना, थोडं सिमेंट आणि मेटगळ्ळीच्या एका उदबत्तीच्या कारखान्यात झाडून काढलेला भुसा. लोक येऊन हसून जात. कृष्णाजींना त्याचा राग येत नसे. एकट्या माणसाला तेवढीही सोबत चालते.

हे सगळं सुरू झालं मुलाच्या एका वाक्यावरून. बायकोच्या, लक्ष्मीदेवींच्या, वर्षश्राद्धाला बेंगळुरूहून आलेला एकुलता एक किरणकुमार निघताना उंबऱ्यापाशी म्हणाला होता, "अप्पा, वर एक खोली असती तर आम्ही इथंच येऊन राहिलो असतो की! घरून काम करतोच, ते इथून केलं असतं." तो गेला, वाक्य मात्र घरात राहिलं. आईवेगळ्या त्या घरात दुसरं बोलणारं कोणी नव्हतं, त्यामुळे ते कृष्णाजींना सारखं ऐकू येई.

त्यांनी कंत्राटदार तिरुमलरावांना बोलावलं. तिरुमलरावांनी वर-खाली पाहून मान हलवली. छत जुनं, साध्या विटांचं ओझं त्याला पेलणार नाही. दुसऱ्या कोणी इथंच नाद सोडला असता. कृष्णाजींनी हलकी वीट करायचं मनावर घेतलं.

पहिला घाणा वाया गेला, आणि तो रंगाऱ्याच्या नातवानेच घालवावा असा गेला. कुंडीतून निघालेली वस्तू निथळायची आणि झटपट वाळवायची, हे त्यांच्या हाडात मुरलेलं. साच्यातून काढलेल्या विटा त्यांनी सरळ गच्चीवर कडक उन्हात मांडल्या. चौथ्या दिवशी बोट लावलं की भुगा! समोरची नागरत्ना कडकोळच्या सिमेंट-ब्लॉकच्या कारखान्यात कामाला होती. ती फाटकातून आत आली आणि कन्नडात म्हणाली, "अय्यो, ह्या काय साड्या आहेत वाळवायला? सावलीत ठेवा आणि एकवीस दिवस रोज पाणी मारा."

मग कृष्णाजींनी दुसरा घाणा घातला, विटांवर ओली पोती पांघरली आणि सकाळ-संध्याकाळ झारीने पाणी घालू लागले. लक्ष्मीदेवी गेल्यापासून घरात कोणाला तरी आपली गरज आहे, असं त्यांना पहिल्यांदाच वाटत होतं. बाराव्या दिवशी सुनेचा, अनुषाचा, फोन आला.

"मामा, दहा दिवस इकडं या. नवीन घर बघितलंच नाही तुम्ही."

"आणि विटांना पाणी कोण घालणार गं?"

अनुषा हसली. "सरि मामा, ठीक आहे, मग नंतर बघू." ते 'नंतर' पुढे कोणी ठरवलं नाही.

विटा तयार झाल्यावर गवंडी चार दिवसांत कोपरे उभे करून गेला. बाकीची भिंत कृष्णाजींनी स्वतः रचली. चार-चार विटा घेऊन जिना चढता येई, मदतीला कोणाला हाक मारावी लागत नसे. याचं त्यांना भारी कौतुक होतं. हाक मारायला कोणी नव्हतंच, ही गोष्ट वेगळी.

खिडकीशेजारी एका विटेची जागा त्यांनी रिकामी सोडली. रंगाऱ्यांच्या या घरात कुंडीतला शेवटचा कपडा घरातल्या सर्वांत धाकट्याने काढायचा, म्हणजे रंग टिकतो, अशी रीत होती. लहानपणी कोपरापर्यंत निळे हात करून कृष्णाजींनीच तो काढला होता. भिंतीतली शेवटची वीट आता किरणने घालायची. ती घालून तो राहायला कधी येतो ते सांगेल, इतकं सगळं त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं.

रविवारी किरण एकटाच आला. कृष्णाजींनी सकाळीच घमेल्यात चुन्याचा माल कालवून ठेवला होता, वीट ओली करून शेजारी ठेवली होती.

"सूपर अप्पा!" किरणने भिंतीवर टिचकी मारली. "उदबत्तीचा वास पण येतोय. एखादं चांगलं जोडपं ठेवा भाड्यानं. तुम्हाला सोबत होईल."

कृष्णाजी म्हणाले, "तूच म्हणाला होतास ना, वर खोली असती तर इथं येऊन राहू?"

"मी? कधी?" किरणला खरंच आठवत नव्हतं. तो खोटं बोलला असता तर बरं झालं असतं. "सुम्ने, उगीच काहीतरी म्हणालो असेन हो अप्पा. आमचं सगळं तिकडंच आहे आता."

कृष्णाजींना रडू आलं नाही, लाज वाटली. मुलगा सहज काही बोलतो आणि म्हातारा त्यावर घर बांधतो!

"इथं एक वीट राहिली की," किरण म्हणाला.

कृष्णाजींनी ओली वीट घमेल्यामागे सरकवली. "असू दे. वाऱ्याला जागा ठेवलीय."

जेवण झालं, दोन वेळा ताक झालं, चारला गाडी निघाली. कृष्णाजी कोपऱ्यापर्यंत सोडायला गेले. गाडी वळली तरी त्यांनी उचललेला हात खाली घेतला नव्हता. मग ते परत आले आणि जिना चढले.

घमेल्यातला माल कडेने आळत आला होता. त्यांनी त्यावर पाणी शिंपडून थापीने तो पुन्हा कालवला. वीट एका हाताने उचलली, चारी बाजूंनी माल लावला आणि जागेवर बसवली.

घरात आता धाकटेही तेच होते.