पुनवेआधीची होडी

"फुकट?" नारूने फोनवर पुन्हा विचारलं. "अगो, बंदरावर बर्फ पन फुकट कोन देत नाय!"

"बाबा, ही सिस्टिम लोकांनी मिळून बनवलीय, कुणीही घ्यावी. आपल्या जुन्या कॉम्प्युटरला नवीन विंडोज झेपणार नाही." वापीहून त्याची लेक पूर्वी समजावत होती. समजावताना तिचा आवाज थेट आईसारखा चढायचा.

नारूला मग ते पटलं. पावसाळ्याआधी होडी वाळूवर ओढायची असली की अख्खी आळी दोराला हात लावते, मजुरी कोण मागतं? डहाणूच्या मच्छीमार सोसायटीत जन्मभर कारकुनी केलेल्या माणसाला एवढं कळत होतं. पूर्वीने रविवारी दिलेला पेनड्राइव्ह त्याने लावला. थोड्या वेळाने पडद्यावर चक्क मराठी अक्षरं आली.

कॉम्प्युटर घेतला पूर्वीच्या कॉलेजसाठी, पण त्याच्यावर हक्क बसवला नारूच्या बायकोने, हंसाने. दिवसभर बोंबील वाळत घालून आलेली ही बाई संध्याकाळी हाताला खोबरेल चोळून माउस धरायची आणि चित्र काढायची. रोज एकच होडी. निळा पट्टा, लाल बावटा, तोंड डावीकडे. काढून झाली की बंद. 'ठेवायची का?' असं कॉम्प्युटर विचारायचा आणि ही ठसक्यात 'नाही'वर टिचकी मारायची.

"येवढी मेहनत केली, ठेव की!" नारू चिडायचा.

"होडी काय घरात ठेवाची? दर्यात सोडली."

पावसाळ्यात मात्र ती होडी ठेवायची. सगळ्यांच्या होड्या वर ओढलेल्या, मग हिचीच कशी सोडायची? नारळी पुनवेला समुद्रात नारळ सोडून आली की आधी कॉम्प्युटर लावून ती होडी पुसायची, मग नारळीभात. नारू पोट धरधरून हसायचा. आता तेच आठवलं की त्याला रडू येई.

दोन वर्षांपूर्वी हंसा पुनवेच्या आधीच गेली. त्यानंतर कॉम्प्युटर धड सुरूच झाला नाही.

"बाबा, आता तो जुनं सगळं पुसू का विचारेल," पूर्वी म्हणाली. "त्याआधी आत बघा, पेनड्राइव्हवरून चालू असताना जुनं सगळं दिसतं. आईचं काही असलं तर दुसऱ्या पेनड्राइव्हवर घ्या. एकदा पुसलं की गेलं."

त्याने शोधलं. एकच चित्र निघालं. बावटा जरा कलंडलेला होता. शेवटी शेवटी तिचा हात थरथरायचा. नारूचे डोळे भरून आले.

"सापडलं काही?"

"हाय. एक होडी."

"अय्या! घ्या ना मग लगेच."

दुसरा पेनड्राइव्ह त्याच्या हातातच होता. खिडकीतून किनारा दिसत होता. दिवाळी तोंडावर आलेली, सगळ्या होड्या कधीच्या धंद्यावर गेलेल्या. तीन नारळी पुनवा होऊन गेल्या आणि हिची तेवढी अजून वर ओढलेली. अशी पडून राहिली की उन्हात फळ्या तडकतात, हे त्याला तिनेच एकदा सांगितलं होतं.

पेनड्राइव्ह त्याने खाली ठेवला. देवापुढचा नारळ आणून टेबलावर ठेवला, हात जोडले आणि 'सगळं पुसून बसवा'वर टिचकी मारली. तिच्यासारखी ठसक्यात नाही जमली.

"बाबा, घेतली ना होडी?"

"सोडली गो," नारू म्हणाला. "जरा उशीर झाला."

पूर्वीने फोन ठेवला नाही. पडद्यावरची निळी पट्टी हळूहळू पुढे सरकत होती. ती पार टोकाला पोचेपर्यंत नारू उभाच राहिला, किनाऱ्यावर राहतात तसा.