ऑब्लाइज शिकवायच्या दिवशी

सकाळीच नाटे गावाहून आईचा फोन आला. पाय मुरगळून सुजला होता, एसटीत चढणं शक्य नव्हतं. दुपारी चारला इंग्रजी संभाषणाच्या क्लासमध्ये माझा शिकवण्याचा डेमो होता. तो आवडला तर नोकरी. मनस्वीला सांभाळायला आई येणार, एवढ्या एका भरवशावर मी हो म्हटलं होतं.

मनस्वी दीड वर्षाची. होळीच्या सुमारास ताप डोक्यात जाऊन तिला झटका आला होता. लहान मुलांना होतं असं, मोठेपणी जातं, असं डॉक्टर म्हणाले. तेव्हापासून मी तिच्या कपाळावरचा हात काढलाच नाही म्हणा ना. माझा नवरा सुहास अलोऱ्याला नोकरीला, शनिवारी येतो.

"शेजारी सांग ना त्या काकूंना," सुहास फोनवर म्हणाला.

"नको."

"का नको? दोघं घरीच असतात."

का, ते त्याला सांगता येईना. आमचं भाड्याचं घर आणि वासंतीकाकूंचं घर यांच्यामध्ये जांभ्या दगडांचा गडगा आहे, कमरेइतक्या उंचीचं कुंपण. आम्ही राहायला आलो तेव्हा काकू त्यावरून वानवळा द्यायच्या. कधी केळफूल, कधी अळू, फणस पिकला की गरे. मी तासाभरात काहीतरी परत नेऊन द्यायचे. नानकटाईचा पुडा, बिस्किटं, एकदा तर दुकानातला सुका मेवा. 'कुणाचं मिंधं व्हायचं नाही' हे वाक्य मला आईच्या दुधातूनच आलेलं. आणि पाकीटबंदच का, तर आमच्या घरात शिजलेलं त्या घेतील का, हे मला विचारायचं नव्हतं. माझ्या आजीला गावात ओंजळीत वरून पाणी घालत. ती गोष्ट जुनी झाली, पण आमच्या घरात ती सगळ्यांना पाठ आहे.

पावसाळ्यानंतर काकूंकडून काही येईनासं झालं. बोलायच्या, हसायच्या, पण गडग्यावरून हात पुढे येत नसे. मी मनात म्हटलं, कळलं असेल आमचं आडनाव.

दोन वाजले तरी मी तशीच. शेवटी मनस्वीला कडेवर घेतलं, दुसऱ्या हातात काजूकतलीचा पुडा घेतला आणि गेले.

काकू ओसरीवर आमसुलं निवडत होत्या. मी सगळं एका दमात सांगितलं. त्यांनी मनस्वीकडे बघितलं, मग पुड्याकडे.

"हा कशाला?"

"असाच."

"असाच नव्हे गो. मुलगी ठेवते, पुडा घरी ने. नाहीतर दोन्ही ने."

आतून दत्तात्रेयकाका म्हणाले, "काजूकतली असेल तर जरा विचार कर."

"तुमची साखर बघा आधी," काकू म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, "तुला खरं सांगू? मी वानवळा द्यायची बंद झाले ती ह्या पुड्यांमुळे. झाडाला जास्त झालं म्हणून द्यावं, तर तू लगेच दुकानातलं आणून हातावर ठेवायचीस. वर्षभरात तुझ्या चुलीवरचं काही आलं नाही. वाटलं, हिला आपल्याशी लागेबांधे नकोत. देवघेव संपवून मोकळी होते."

मी म्हटलं, "मला वाटलं, तुम्ही आमच्या घरचं खाणार नाही."

काकूंचे हात आमसुलांत थांबले. "माझ्या सासूबाई असत्या तर नसतंच घेतलं. खोटं कशाला बोलू. पण मी कधी नाही म्हटलं तुला?"

"नाही."

"मग विचारायचंस तरी. मासे तेवढे नकोत आमच्यात. आता सांग, हिचं औषध कुठलं?"

मी त्यांचा चेहरा बघत होते. मला बघत राहायची सवयच आहे. त्या चेहऱ्यावर दाखवण्यापुरतं काही नव्हतं. थर्मामीटर दिलं, तापाचं औषध दाखवलं, झटका आला तर कुशीवर वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही, हे दोनदा सांगितलं. त्यांनी माझ्यासमोर ते मला परत म्हणून दाखवलं. मी निघाले. पुडा माझ्याच हातात.

क्लासच्या सरांनी विषय दिला होता ऑब्लाइज. अर्जाच्या शेवटी सगळे 'काइंडली ऑब्लाइज', कृपया उपकृत करावे, असं लिहितात, पण बोलताना कुणाला वापरता येत नाही, म्हणाले. समोर नर्सिंगच्या मुली, दोन हॉटेलवाले आणि बँकेतले गंगाराम नावाचे गृहस्थ. फोन मी टेबलावर उताणा ठेवला होता. फळ्यावर लिहिलं, 'आय वॉज ऑब्लाइज्ड टू लीव्ह अर्ली.' लवकर निघणं भाग पडलं. त्यात उपकार नाहीत, नाइलाज आहे.

"मॅडम, उपकाराचं वाक्य सांगा," गंगाराम म्हणाले. "पुस्तकातलं नको, घरातलं."

वहीत काढून आणलेली वाक्यं आठवेनात. मी म्हटलं, "माय नेबर ऑब्लाइज्ड मी बाय लुकिंग आफ्टर माय डॉटर." शेजारणीने माझी मुलगी सांभाळली, माझी नड भागवली. "आणि म्हणून, आय अ‍ॅम ऑब्लाइज्ड टू हर. मी तिची ऋणी आहे."

"मग त्यांना काय दिलंत?" एका मुलीने विचारलं.

"काही नाही. घेतलंच नाही त्यांनी."

वर्ग हसला. मीही हसले, आणि पुढचा अर्धा तास फोनकडे बघायचं विसरले. सर मागे बसून ऐकत होते. बाहेर आल्यावर म्हणाले, "सोमवारपासून या. रोज दुपारी."

रिक्षातून उतरून धावतच ओसरीवर गेले. मनस्वी चटईवर झोपली होती, काकूंच्या हातावर डोकं ठेवून. काकू भिंतीला टेकून तशाच.

"ताप नाही," काकू हळूच म्हणाल्या. "तीनदा बघितला. हात मात्र मेला माझा."

"मग काढायचा ना."

"उठली असती."

मी मनस्वीला अलगद उचललं. काकू हात चोळत राहिल्या. काकांनी चहा आणून ठेवला. मी म्हटलं, "काकू, नोकरी लागली. सोमवारपासून रोज ठेवाल हिला? आईचा पाय बरा होईपर्यंत. नंतरही, कदाचित."

"रोज?" काका म्हणाले. "म्हणजे माझी दुपारची झोप गेली."

"तुम्हाला कोण विचारतंय? ठेवीन गो," काकू म्हणाल्या. "साखर झाली का चहात?"

झाली होती. मनस्वीचा श्वास माझ्या गळ्याशी लागत होता. कप संपला तरी मी उठले नाही. म्हटलं, "अजून अर्धा कप आहे का?"